झेंड्याखालची माणसे : शॉन ओ'केसीच्या विद्रोहाची चिकित्सा

चळवळीतून आलेल्या लेखकाकडे आपण दोन गोष्टी मागतो. त्याने चळवळीशी इमान राखावे आणि त्याने खरे लिहावे. या दोन मागण्या एकच आहेत असे आपण सहसा धरून चालतो. पण लेखक आपल्याच वस्तीतला दारुडा, आपल्याच वस्तीतला फुशारक्या मारणारा पुढारी, आपल्याच वस्तीतली लूट लिहू लागला की या मागण्यांमध्ये फट पडते. मग कार्यकर्ता विचारतो, 'हे आत्ताच लिहायची काय गरज होती? शत्रूच्या हाती कोलीत का देता?' हा प्रश्न खोटा नाही, आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. म्हणून हाच प्रश्न ज्याच्या आयुष्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, अशा एका आयरिश नाटककाराची उलटतपासणी मी येथे करू इच्छितो. पश्चिमेकडून प्रमाणपत्र आणावे हा त्यामागचा हेतू नाही. त्याची लढाई कुठे आपल्यासारखी होती आणि कुठे नव्हती, हे पाहिले तर आपल्याच प्रश्नाची नीट मांडणी करता येईल, एवढेच मला म्हणायचे आहे.

१

शॉन ओ'केसीचा जन्म ३० मार्च १८८० रोजी डब्लिनमध्ये झाला. घरात त्याचे नाव जॉन केसी. वडील एका प्रॉटेस्टंट मिशन संस्थेत कारकून होते. ते १८८६ मध्ये वारले आणि घर उतरणीला लागले. लहानपणीच डोळ्यांना खुपरीचा रोग जडला, त्यामुळे शाळा धड झाली नाही. दृष्टी जन्मभर अधू राहिली. वाचन त्याने बहुतांशी स्वतःच्या जिद्दीने कमावले. शेक्सपिअर आणि बूसिकॉ यांची नाटके त्याला हौशी रंगभूमीवर भेटली. पुढे त्याने रेल्वेत फावडे चालवले आणि बांधकामावर मजुरी केली.

त्या डब्लिनचे चित्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याची नाटके कळणार नाहीत. जुन्या उमरावांच्या टोलेजंग हवेल्या ओस पडल्या होत्या, आणि घरमालक त्यांच्या खोल्या पाडून एकेक खोली एकेका कुटुंबाला भाड्याने देत होते. सरकारी चौकशीचा १९१४ चा अहवाल सांगतो की अशा इमारतींत सुमारे २६ हजार कुटुंबे राहत होती आणि त्यांतली सुमारे २० हजार एकेका खोलीत. एक जिना, एक नळ, परसात एक संडास, आणि घरोघर क्षय. गिरणगावच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला मी यापेक्षा अधिक सांगायला नको.

मात्र येथेच एक फरक नोंदवून ठेवतो. ओ'केसी ज्या प्रॉटेस्टंट पंथात जन्मला तो राज्यकर्त्यांचा पंथ होता, आणि भोवतालची गरीब वस्ती कॅथलिक होती. तो गरीब होता, पण अस्पृश्य नव्हता. त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नाही. दारिद्र्य आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या यातना आहेत. वर्गाच्या नावाने जातीचा प्रश्न गिळून टाकणाऱ्या मंडळींच्या हाती ओ'केसी देऊन चालणार नाही, आणि आपणही त्याला 'आयर्लंडचा दलित लेखक' म्हणण्याच्या फंदात पडू नये.

२

तरुणपणी त्याला दोन वेड लागले. पहिले राष्ट्राचे. गेलिक लीगमध्ये जाऊन तो आयरिश भाषा शिकला, नाव बदलून शॉन ओ'काहसी झाला, गुप्त क्रांतिकारी संघटनेतही शिरला. दुसरे वेड जिम लार्किनचे. लार्किनने १९०९ मध्ये वाहतूक आणि इतर अकुशल कामगारांची युनियन उभी केली. गोदीत ओझी वाहणाऱ्या, ज्यांना कोणी माणसात धरत नव्हते अशा मजुरांना त्याने ताठ मानेने उभे केले. ऑगस्ट १९१३ मध्ये ट्रामगाड्यांचा आणि वर्तमानपत्राचा मालक विल्यम मार्टिन मर्फी याच्या पुढाकाराने मालक एकत्र आले आणि युनियन सोडण्याची लेखी हमी न देणाऱ्यांना त्यांनी कामावरून काढले. सुमारे २० हजार कामगार महिनोन्‌महिने टाळेबंदीत होरपळले. पोलिसांनी भर रस्त्यात माणसे झोडपली. संपकऱ्यांची उपाशी मुले इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरी पाठवण्याची योजना निघाली, तेव्हा मुलांचा धर्म बुडेल म्हणून पाद्री आडवे आले. पोर उपाशी राहिले तरी चालेल, धर्म राहिला पाहिजे, हा न्याय आपल्याला अपरिचित नाही.

त्या मारहाणीतून कामगारांचे स्वतःचे संरक्षक दल जन्मले : आयरिश सिटिझन आर्मी. १९१४ मध्ये ओ'केसी तिचा सचिव झाला आणि तिची घटना त्याने लिहून काढली. त्या दलाच्या निशाणावर नांगर आणि तारे होते. परंतु त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. कारण काउंटेस मार्किएविझ ही पुढारी कामगारांच्या दलातही होती आणि राष्ट्रवाद्यांच्या व्हॉलंटिअर्सशीही संबंधित होती. व्हॉलंटिअर्सच्या पुढाऱ्यांत कामगारांना चिरडणाऱ्या मालकांचे मित्र आहेत, दोन्ही दरडींवर पाय ठेवता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ठराव त्याच्याविरुद्ध गेला आणि तो बाहेर पडला. दोन वर्षांनी, २४ एप्रिल १९१६ रोजी जेम्स कॉनोलीच्या नेतृत्वाखाली हेच कामगार दल व्हॉलंटिअर्सच्या जोडीने ईस्टरच्या उठावात उतरले. १२ मे रोजी जखमी कॉनोलीला खुर्चीवर बसवून गोळ्या घालण्यात आल्या. ओ'केसी त्या लढ्यात नव्हता. पुढे १९१९ मध्ये सिटिझन आर्मीचा छोटेखानी इतिहास लिहून त्याने आपले म्हणणे मांडले : कामगारांचे निशाण राष्ट्राच्या निशाणाखाली गेले आणि तेथेच हरवले.

आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजाची फेररचना, हा वाद महाराष्ट्राने टिळक-आगरकरांच्या काळापासून ऐकला आहे. बाबासाहेबांनी तर 'जातिनिर्मूलना'च्या १९३६ च्या भाषणात आयर्लंडच्याच स्वराज्याचा दाखला दिला. रेडमंडने हवी ती संरक्षणे देऊ केली तरी अल्स्टरने ती का झिडकारली, याचे मूळ बाबासाहेबांनी सामाजिक प्रश्नात दाखवले. स्वराज्य कोणाचे, हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

३

ओ'केसीची पहिली काही नाटके अ‍ॅबे थिएटरने परत केली. १९२३ मध्ये 'द शॅडो ऑफ अ गनमन' रंगमंचावर आले तेव्हा तो ४३ वर्षांचा मजूर होता. पुढच्याच वर्षी 'जुनो अँड द पेकॉक' आले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये 'द प्लाव अँड द स्टार्स'. स्वातंत्र्ययुद्ध, यादवी युद्ध आणि ईस्टरचा उठाव असे तिन्हींचे विषय. तिन्ही घडतात भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत. इतिहास बाहेर रस्त्यावर घडतो आणि त्याची किंमत जिन्याच्या वर मोजली जाते.

पहिल्या नाटकात एक कवी आहे. शेजारी त्याला भूमिगत बंदूकवाला समजतात आणि त्यालाही ते आवडते. मिनी पॉवेल ही पोर त्याच्यावर विश्वास ठेवून बाँबची पिशवी स्वतःच्या खोलीत नेते आणि मरते. कवी आणि त्याचा सोबती गादीवर थरथरत जिवंत राहतात. दुसऱ्या नाटकात कॅप्टन बॉइल आहे. काम म्हटले की त्याच्या पायात कळा येतात. घर चालवते ती त्याची बायको जुनो. शेजारणीचा मुलगा विरोधी पक्षाचा म्हणून मारला जातो तेव्हा जुनोला त्याचे फारसे वाटत नाही. स्वतःच्या मुलाचे प्रेत पाहायला निघताना तिला ते आठवते, आणि ती शेजारणीचाच आक्रोश उचलते. गरोदर मुलीला घेऊन ती घर सोडते. शेवटी रिकाम्या खोलीत दोन दारुडे देशाच्या दुर्दशेवर बरळत राहतात. या शेवटावर हसू येते आणि त्याच हसण्याची लाज वाटते. ओ'केसीचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते.

४

'द प्लाव अँड द स्टार्स'च्या चौथ्या प्रयोगाला, ११ फेब्रुवारी १९२६ रोजी, नाट्यगृहात दंगल झाली. प्रेक्षक रंगमंचावर चढले, पोलीस बोलवावे लागले. येट्सने रंगमंचावर येऊन प्रेक्षकांनाच झापले. रागाचे कारण दुसरा अंक. स्थळ दारूचा गुत्ता. खिडकीबाहेर एका वक्त्याची सावली रक्त सांडण्याच्या पावित्र्यावर बोलते आहे, आणि ती वाक्ये पॅट्रिक पिअर्स या फाशी गेलेल्या नव्हे, गोळ्या झेललेल्या हुतात्म्याच्या भाषणांतून घेतलेली आहेत. आत रोझी ही वेश्या, सभेमुळे धंदा बुडाला म्हणून कुरकुरते आहे. आणि त्या गुत्त्यात राष्ट्राचा तिरंगा आणि कामगारांचे नांगर-तारे अशी दोन्ही निशाणे येतात.

विरोध करणाऱ्यांना किरकोळ समजू नये. त्यांच्या अग्रभागी हॅना शीही-स्केफिंग्टन होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेली ही बाई. १९१६ च्या त्याच आठवड्यात तिच्या शांततावादी नवऱ्याला लूट थांबवण्याची खटपट करून परतताना ब्रिटिश फौजेने पकडले आणि चौकशीविना गोळ्या घातल्या. आणि विशेष हे की १९१९ च्या पुस्तकात ओ'केसीने आयरिश समाजवादाचा पहिला हुतात्मा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले तो हाच माणूस. तिचा आक्षेप असा की सरकारी अनुदान घेणाऱ्या राष्ट्रीय नाट्यगृहाने उठावाची फक्त कुरूप बाजू दाखवली, त्यातले ध्येय दाखवलेच नाही. मार्चमध्ये तिने जाहीर सभेत ओ'केसीशी वाद घातला.

मी दोघांचे म्हणणे शेजारी ठेवून पाहतो. तिसऱ्या अंकात शहर पेटलेले असताना वस्तीतल्या बाया-बापे दुकाने लुटतात. बेसी बर्जेस आणि मिसेस गोगन एका बाबागाडीवरून भांडतात आणि शेवटी तीच गाडी दोघी मिळून लुटीला नेतात. प्रस्थापित समीक्षक यावर 'मानवी स्वभावाची विसंगती' असा शिक्का मारून पुढे जातो. मला त्यात वेगळे दिसते. ज्यांच्या अंगावर जन्मभर नवा कपडा चढला नाही त्यांच्यापुरते स्वातंत्र्य त्या दिवशी दुकानाच्या फुटलेल्या काचेतून आले. जाहीरनाम्यात त्यांच्यासाठी भाकर आहे असे त्यांना कोणी जिन्यावर येऊन सांगितले नव्हते. ओ'केसीने लूट दाखवून वस्तीची बदनामी केली नाही. त्याने क्रांतीच्या पुढाऱ्यांना त्यांची वस्तीशी असलेली ओळख किती तोकडी होती ते दाखवले.

आणि बेसी बर्जेस? रस्त्यावर फळे विकणारी, दारू पिणारी, इंग्रज राजाच्या बाजूने खिडकीतून शिव्या देणारी ही प्रॉटेस्टंट बाई. सगळ्या वस्तीची वैरीण. पण वेड लागलेल्या नोराची शुश्रूषा तीच करते आणि नोराला खिडकीतून मागे ओढताना सैनिकांची गोळी तिलाच लागते. मरताना ती हुतात्म्यासारखी बोलत नाही, ती नोराला शिव्या घालते. त्या शिवीत मला तिचे माणूसपण दिसते. ती मरायला निघाली नव्हती, मदत करायला गेली होती आणि मेली.

५

तरीही हॅनाबाईंचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. या तीन नाटकांत संघटित कामगार कोठे आहे? ज्या माणसाने लार्किनच्या सभा ऐकल्या, टाळेबंदीची उपासमार पाहिली, संघटनेची घटना लिहिली, त्याच्या सर्वोत्तम नाटकांत कामगार म्हणून भेटतो तो कोव्ही, जडजंबाल नावाच्या पुस्तकातली वाक्ये फेकणारा, आणि लुटीत मागे न राहणारा. पोथीनिष्ठांची थट्टा करावी, अवश्य करावी. पण तेथे थट्टेखेरीज काहीच उरत नाही. त्यामुळे दुःख सोसणारी स्त्री आणि बडबड करणारा पुरुष अशी एक ठरीव जोडी तयार होते, आणि दुःखावर उपाय म्हणून आईची माया एवढेच हाती लागते. ती थोर आहे, पण ती घरमालकाचे भाडे कमी करीत नाही. संपावरचा कामगार नायक म्हणून ओ'केसीच्या 'रेड रोझेस फॉर मी'मध्ये येतो, पण ते नाटक १९४३ चे, तोपर्यंत तो डब्लिनपासून फार दूर गेला होता. म्हणून कार्यकर्त्याने त्याला विचारावे, 'आमची दुर्बलता तू दाखवलीस ती खरी. पण आम्ही एकदा उभे राहिलो होतो हेही तू डोळ्यांनी पाहिले होतेस. ते कुठे गेले?'

हा प्रश्न 'चांगले तेवढेच दाखवा' या मागणीपेक्षा वेगळा आहे. ती मागणी लेखकाचा हात धरते. हा प्रश्न त्याला आणखी सत्य मागतो.

६

पुढची घटना आपल्या लेखकांनी विशेष लक्षात ठेवावी. १९२८ मध्ये ओ'केसीने 'द सिल्व्हर टॅसी' अ‍ॅबेकडे पाठवले. फुटबॉल गाजवणारा एक तरुण मजूर महायुद्धावर जातो आणि कमरेखाली लुळा होऊन चाकाच्या खुर्चीत परत येतो. दुसरा अंक युद्धभूमीवरचा. तेथे वास्तववादी संवाद सोडून ओ'केसीने मंत्रपठणासारखे बोल, एक मोडका मठ आणि एक अजस्र तोफ वापरली. ज्या येट्सने दोन वर्षांपूर्वी त्याची पाठराखण केली त्यानेच नाटक नाकारले. कारण काय, तर तुम्हाला महायुद्धात रस नाही, तुम्ही त्या रणांगणावर कधी उभे नव्हता. ओ'केसीने उलट विचारले की शेक्सपिअर तरी कोणत्या रणांगणावर हजर होता? पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापला गेला. १९२९ मध्ये नाटक लंडनला झाले. अ‍ॅबेला ते १९३५ मध्ये करावे लागले, तेव्हा पाद्री खवळले.

येट्सचा नकार निव्वळ वाङ्मयीन होता असे मला वाटत नाही. झोपडपट्टीतला लेखक झोपडपट्टीविषयी लिहितो तोवर प्रस्थापित त्याला 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतात. तो जगाविषयी बोलू लागला, रूपाचे प्रयोग करू लागला, की त्याला आठवण करून दिली जाते : हा तुझा प्रांत नव्हे, तुझ्याकडे अनुभव आहे, कल्पना आमच्याकडे आहे. दलित लेखकाला 'तुमची आत्मकथने प्रभावी आहेत' असे म्हणणाऱ्या व्यासपीठांवर हेच वाक्य गोड शब्दांत ऐकू येते. आत्मकथनाचे कौतुक करायचे आणि विचार, इतिहास, सौंदर्यशास्त्र आपल्याकडे ठेवायचे, ही श्रमविभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे जातीविषयीचे निदान वाङ्मयालाही लागू पडते.

७

ओ'केसी १९२६ पासून इंग्लंडमध्ये राहिला. तिकडे आयर्लंड स्वतंत्र झाले, पण १९३७ च्या घटनेने कॅथलिक चर्चला विशेष स्थान दिले. ते कलम १९७२ च्या जनमताने गेले. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांचा नमुना याच आयरिश घटनेतून आला. धर्मसंस्थेचे विशेष स्थान मात्र बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या घटनेत आले नाही, हे ध्यानात घ्यावे. ओ'केसीच्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडावर आयर्लंडात १९३९ मध्ये बंदी आली. १९५८ च्या डब्लिन नाट्यमहोत्सवासाठी त्याने 'द ड्रम्स ऑफ फादर नेड' दिले. आर्चबिशप मॅक्वेड यांनी महोत्सवाच्या प्रारंभाची प्रार्थना नाकारली. त्या महोत्सवात जॉइसच्या कादंबरीवर आधारलेले नाटकही होणार होते. आयोजक डगमगले, नाटकात फेरफार करण्याची मुभा मागू लागले. ओ'केसीने नाटक काढून घेतले. निषेध म्हणून बेकेटनेही आपल्या कृती मागे घेतल्या. मग ओ'केसीने आयर्लंडमधील व्यावसायिक प्रयोगांना परवानगीच नाकारली. ही बंदी त्याने १९६४ मध्ये उठवली आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला तो वारला.

१९३९ ते १९५४ या काळात त्याने आत्मचरित्राचे सहा खंड लिहिले, आणि स्वतःविषयी लिहिताना 'मी' टाळून 'जॉनी कॅसाइड' हे तृतीयपुरुषी नाव घेतले. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवार आणि दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात, त्याची येथे आठवण होते. एका माणसाला स्वतःकडे दोन जागांवरून पाहावे लागते, कारण ज्या भाषेत तो लिहितो ती भाषा आणि ज्या वस्तीतून तो आला ती वस्ती एकमेकींना ओळखत नाहीत. ओ'केसीच्या चरित्रकारांनी दाखवले आहे की त्याने बालपणीचे दारिद्र्य आहे त्याहून गडद रंगवले. वडील कारकून होते, बहीण शिक्षिका होती. विरोधक यावरून त्याला खोटा ठरवतात. मला हा निवाडा अपुरा वाटतो. तपशील तपासावेत, चुकले असतील तर चुकले म्हणावेत. पण २० हजार एकखणी कुटुंबे त्याने कल्पनेतून आणली नव्हती.

त्याचा एक दोष मात्र मी झाकणार नाही. तिरंग्यामागचे ढोंग ज्याला दिसले, चर्चच्या झग्यामागची सत्ता ज्याला दिसली, त्याला सोव्हिएत सत्तेखाली चिरडलेली माणसे दिसली नाहीत. स्टॅलिनच्या राज्यावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. एका निशाणाची चिकित्सा करणारा दुसऱ्या निशाणापुढे मान तुकवतो, आणि तेथे त्याची बेसी बर्जेस त्याला सोडून जाते.

आपण ओ'केसीकडून काय घ्यायचे? वस्तीवरचे प्रेम आणि वस्तीची चिकित्सा एकाच हाताने लिहिण्याचे धाडस घ्यावे. फक्त अनुभव लिहा म्हणणाऱ्यांना त्याने दिलेले उत्तर घ्यावे. जे त्याने लिहिले नाही, म्हणजे उभी राहिलेली, संघटित, विचार करणारी माणसे, ती आपण लिहावीत. आणि आपल्या निळ्या निशाणाखाली कोण उभे आहे, कोणाला जिन्यावरच ठेवले आहे, हे विचारण्याचा हक्क आपल्या लेखकांना, विशेषतः आपल्या लेखिकांना, चळवळीने स्वतःहून द्यावा.